विडीचा दगड

आमच्या घरात काडेपेटीचा आवाज झाला तरी माणसं माना वर करायची. झाडू वळणाऱ्यांचं घर ते. अंगणात गवत, ओट्यावर गवत, माळ्यावर गवत, पोरांच्या केसांत गवत. लग्न होऊन आले त्या दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मला आधी देवघर नाही दाखवलं, चूल दाखवली. अंगणापलीकडे, विहिरीच्या अंगाला, तिन्ही बाजूंनी मातीची भिंत घातलेली. म्हणाले, "सूनबाई, स्वयंपाक कच्चा राहिला तरी चालेल, निखारा उघडा राहिलेला चालणार नाही." मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त दिसतोय. मग एकदा आंघोळीला बसलेले असताना त्यांची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत कातडी चुरगळून वाळलेल्या कापडासारखी. लहानपणी गवताला आग लागली होती, त्यात त्यांचा धाकटा भाऊ गेला. त्याच्याबद्दल ते कधी बोलत नसत, आणि आम्हीही विचारत नसू.

विडीचा दगड त्यांनीच घातलेला. विहिरीच्या काठाशी, गवतापासून चांगला लांब, सपाट काळा दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. शेजारी काठ फुटलेला माठ, पाण्याने भरलेला. ज्याला ओढायची असेल त्याने तिथे बसून ओढायची, थोटूक माठात टाकायचं, चुर्र झालेलं ऐकायचं आणि मगच उठायचं. पाहुणा असो, जावई असो, व्यापारी असो. एकदा एक व्यापारी हातात सिगारेट घेऊन गप्पा मारत मारत गवताच्या कोठीपर्यंत आला. मामंजींनी काही न बोलता कळशी उचलली आणि त्याच्या सिगारेटवर, हातावर, नव्या बुटांवर रिकामी केली. वर म्हणाले, "माफ करा हं शेठ, हात निसटला." तो माणूस पुढेही आमच्याकडूनच माल न्यायचा, फक्त फाटकात आला की आधी खिसे उलटे करून दाखवायचा.

मामंजी स्वतः मात्र पक्के ओढणारे. कागदाच्या कपट्यात तंबाखू घालून एका हाताने विडी वळायचे. दगडावर बसून, विहिरीत बघत ओढायचे आणि खोकायचे. त्या खोकल्याची मला भीती वाटायची, नाही असं नाही, पण ती रोजच्या वापरातली भीती होती. पावसाळ्यात छप्पर गळेल याची वाटते तशी.

त्या वर्षी पाऊस लांबला. गवत वाळायचं तेवढं वाळलं आणि त्यापुढेही वाळत राहिलं. काडी हातात घेतली की मोडायची. खिळ्यांच्या फळीवर गवत विंचरायला बसलं की भुसा असा उडायचा की संध्याकाळी माझ्या पापण्या म्हातारीसारख्या पांढऱ्या. काम मोठं आलं होतं. शाळांना आणि दवाखान्यांना पुरवायचे झाडू, सगळे एकदम, पावसाच्या आत. हे, म्हणजे माझा नवरा, सुतळीचं एक टोक खुंटीला आणि दुसरं कमरेला बांधून मागे रेलून झाडू आवळायचे. कमरेभोवती लाल वळ उठलेला, त्यावर घाम, त्यावर भुसा. अंगाला खाज सुटली की खाजवायलाही हात मोकळा नसायचा. कोठी आढ्यापर्यंत भरली. कोठीच्या भिंती तट्ट्यांच्या, म्हणजे तीही एक प्रकारची काटक्यांचीच गंमत. विहिरीत पाणी इतकं खाली गेलं होतं की दोराला दोर जोडून कळशी सोडावी लागे.

आणि त्या कोठीत आमच्या भिंगरीचं घर होतं. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून हे नाव आजोबांनीच पाडलेलं. पेंढ्यांच्या मधून रांगत रांगत तिने पार मागच्या तट्ट्यापर्यंत बीळ केलं होतं, आणि तिथे बाहुल्यांचा संसार मांडला होता. मी ओरडायचे, "विंचू निघेल गं बाई!" मामंजी तिची बाजू घ्यायचे. "राहू दे गं. उंदरालासुद्धा आपलं घर लागतं."

अशात त्या बाई आल्या. दवाखान्याकडून, धूम्रपान सोडवायला. आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो. सडपातळ, उन्हाने रापलेली, पायात झिजलेल्या चपला, खांद्यावर स्वतःपेक्षा जड पिशवी. वाईट माणूस नव्हती, हे आधीच सांगते, कारण नंतर लोक काहीबाही बोलले. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना एकच औषध चालत नाही. पुरुषांना वेगळं सांगायचं, बायकांना वेगळं, शाळेतल्या पोरांना वेगळं, म्हाताऱ्यांना वेगळं.

पुरुषांचा कार्यक्रम चावडीपुढे झाला. बाईंनी एक बाटली काढली, तिच्यात पांढरा स्वच्छ कापूस. बाटलीच्या तोंडाला पेटती सिगारेट लावली आणि खालून बाटली दाबत सोडत राहिल्या. बाटली श्वास घ्यायला लागली. बघता बघता कापूस चहाच्या गाळण्यासारखा झाला. कुणी हसलं नाही. हे घरी आले ते तोंड उतरवूनच. "अगं, माझ्या छातीत तसा कापूस आहे," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी चारचौघांत हात वर करून सोडतो म्हणून सांगून आले. त्यांचा फोटो काढून शाळेच्या भिंतीवर लावला, खाली लिहिलं, 'आदर्श'. मी थट्टा केली, "झाडू वळून कुणी आदर्श म्हटलं नाही, विडी टाकून म्हणाले!" पण मनातून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

बायकांचा कार्यक्रम शाळेच्या ओसरीवर. त्रागा करू नका, नवऱ्याला टोचून बोलू नका, तलफ आली की पाणी द्या, कामाला लावा, असं बाई सांगत होत्या. आमच्या शेजारची काकू म्हणाली, "बाई, चुलीचा धूर आमच्याच छातीत जातो, तिलाही एक शपथ घाला की!" बाईही हसल्या. "तेही खरं आहे काकू. तिच्यावरही बोलू." मी उठता उठता विचारलं, "आमच्या घरी सासरे ओढतात. त्यांचं काय?"

"म्हाताऱ्या माणसांचा कार्यक्रम सगळ्यात शेवटी ठेवलाय, ताई. त्यांचं एकदम तुटत नाही. चघळायच्या गोळ्या असतात, हळूहळू सोडवावं लागतं. घाई नाही करायची."

त्याआधी पोरांचा होता. पोरांना बाईंनी शिट्ट्या वाटल्या. लाल, प्लास्टिकच्या, गळ्यात दोरी. घरात कुणी पेटवली की शिट्टी वाजवायची, नि धूर सोड, धूर सोड म्हणत टाळ्या पिटायच्या. पोरांच्या हातात शिट्टी म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. गाव नुसतं किंचाळायला लागलं.

मामंजी सकाळचा चहा पिऊन दगडावर बसले, काडी ओढली, आणि भिंगरीने फुर्रर्र केलं. ते दचकले आणि हसले. "अरे, पोलीस आले वाटतं!" विडी माठात टाकली, चुर्र. दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं फाटकाशी दबा धरून. ते दगडाकडे निघाले की पोरं मागे, ते बसले की शिट्ट्या, टाळ्या, धूर सोड, धूर सोड. माल बघायला लोक आले होते, तेही हसायला लागले. त्यातला तो जुना व्यापारी म्हणाला, "काय बाबा, आता तुमच्यावर कळशी!" मामंजींनी न पेटवलेली विडी कानामागे खोवली आणि उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबले. मान खाली घालून पोरांच्या मधून घरात आले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याला त्या दगडावर बसवलं, तो माणूस. मला फार वाईट वाटलं. पण पोरीला रागवायचं कोणत्या तोंडाने? ती बिचारी आजोबा मरू नयेत म्हणूनच वाजवत होती. तसं तिने मला सांगितलंही. "आई, आजोबांचा कापूस काळा झालाय ना?"

रात्री जेवताना मामंजी म्हणाले, "सोडली मी."

भिंगरीने ताटावरून उठून त्यांच्या गळ्यात हात टाकले. यांचे डोळे भरून आले. दगड ओस पडला. माठातलं पाणी आटलं, त्यात कोळ्याने जाळं केलं, आणि तो पुन्हा भरायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही. आता काय गरज?

थोड्याच दिवसांत मी कोठीत पेंढ्या काढायला गेले. खालची पेंढी ओढली, तर तिच्या आड भुशावर काहीतरी पांढरं. उचललं. विडीचं थोटूक. टोकाला काळं. त्याच्याभोवती भुसा तळहाताएवढा करपून गेलेला, आणि तिथेच थांबलेला. का थांबला, देव जाणे.

मी तिथेच खाली बसले. डोक्यावर आढ्यापर्यंत गवत, पाठीमागे पोरीचं बीळ. आतून बाहुलीचा एक पाय बाहेर आलेला दिसत होता. मी थोटूक पदराच्या गाठीत बांधलं. कोण? घरात ओढणारी माणसं दोन, दोघांनीही सोडलेली. आणि मामंजी? छे. ज्याची पाठ गवताने भाजली तो गवतात विडी पेटवेल? सूर्य पश्चिमेला उगवला असं कुणी म्हटलं असतं तर एक वेळ मी बघायला गेले असते. राहता राहिले हे. आदर्श.

दुपारी हे हात धुवायला आले तशी मी म्हटलं, "अहो, तोंड इकडे करा."

"का?"

"वास घेऊ द्या."

त्यांनी ओले हात झटकले. मग वाकले आणि माझ्या तोंडासमोर श्वास सोडला. सुतळीचा, घामाचा, उपाशी पोटाचा वास. तंबाखूचा नव्हता. पण आदल्या दिवशी ओढली असेल तर आज वास कसा येईल? मी तसं बोललेसुद्धा. जीभ आवरली नाही.

"पोरीची शपथ घेऊ?" ते म्हणाले.

"तिची नको!" मी इतक्या जोराने ओरडले की काकू भिंतीवरून डोकावली. यांना कसलं थोटूक, कुठे सापडलं, काहीच सांगितलं नाही मी. सांगितलं असतं तर भांडण अंगणात आलं असतं, माल घ्यायला येणाऱ्यांच्या कानी गेलं असतं. त्या दिवसापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. सुतळी दे. पाणी दे. बस.

मग मी मामंजींकडे गेले. कायदा त्यांचा, न्यायही त्यांनीच करावा. ते ओट्यावर बसून झाडूच्या काड्यांच्या मुठी बांधत होते. मी पदराची गाठ सोडली आणि थोटूक त्यांच्यापुढे धरलं.

"मामंजी, कोठीत सापडलं. गवतात."

त्यांच्या हातातली मूठ सुटली, काड्या पायाशी विखुरल्या. तोंडावरचं रक्त उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी थोटूक माझ्या हातातून घेतलं आणि मूठ मिटली.

"कुठे होतं?"

"भिंगरीच्या बिळाच्या तोंडाशी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मुलाचा राग येतोय. मग म्हणाले, "मी बघतो. तू कुणाला बोलू नकोस, पोरी." ते मला सूनबाईच म्हणायचे. पोरी त्या दिवशीच म्हणाले. पण ते मला नंतर आठवलं, तेव्हा नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरातली काडेपेटी कमरेला खोचूनच फिरायचे. काम करता करता नाक वर करून वास घ्यायचे, कुत्र्यासारखी. चुलीचा धूर आला तरी धावत जाऊन बघायचे. दिवसातून कितीदा तरी निमित्त काढून कोठीत जायचे, भुसा हाताने चाचपायचे, गरम लागतो का ते. उन्हात गवत गरमच असतं. म्हणजे प्रत्येक वेळी पेंढ्या उपसून बघायच्या. भिंगरीला कोठीत जायची बंदी केली. तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, "मी सांगते म्हणून." यावर कुठलं पोर ऐकतं?

मामंजी त्या दिवसांत आणखी गप्प झाले. हात थरथरायचे, मूठ नीट बांधली जायची नाही. चहाची कपबशी ठेवताना वाजायची. मला वाटायचं, सुटलीय म्हणून होत असेल. मी पाणी द्यायचे, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. म्हाताऱ्यांचा कार्यक्रम पुढे गेला होता. बाईंना दुसऱ्या गावी पाठवलं होतं, तिथलं आटोपल्यावर येणार म्हणत होत्या.

माल न्यायचा दिवस आला. सकाळपासून वारा सुटला होता, गरम, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. हे गाडी आणायला गेले. शाळा अर्धाच दिवस होती. भिंगरी आली, दप्तर फेकलं आणि दिसेनाशी झाली. जेवून सगळे जरा लवंडले होते. मी विहिरीवर होते, कळशी खाली सोडत होते, दोर हातातून सरकत होता.

शिट्टी वाजली.

आता कुणाचा जीव खातेय ही, असं म्हणत मी दोर ओढत राहिले. फुर्रर्र. थांबली. पुन्हा वाजली. पण टाळ्या नाहीत, धूर सोड नाही. नुसती शिट्टी, लांब, तुटत तुटत. आणि मग वास आला. गवत जळतं ना, तेव्हा आधी गोडसर वास येतो, खीर लागल्यासारखा. मी कळशी सोडून दिली. ती खाली आपटल्याचा आवाज झाला तेव्हा मी अर्ध्या अंगणात होते.

कोठीच्या दारातून धूर बाहेर पडत होता, पिवळा, दाट. आत मामंजी. गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हातांनी पेटलेला भुसा ओढून ओढून मागे फेकत होते. उघड्या हातांनी. "आत आहे! पोर आत आहे! माझ्या मागे बिळात होती गं, मला दिसलीच नाही!" बिळाचं तोंड पेटलं होतं. शिट्टी त्या जाळाच्या पलीकडून येत होती.

मी ओरडले का, काय केलं, आठवत नाही. काकू म्हणते मी एक अक्षर बोलले नाही, नुसती पळाले. दारातून जाणं शक्य नव्हतं. मी विळा उचलला आणि कोठीला वळसा घालून मागे गेले. मागचा तट्ट्या कुठून कुठपर्यंत, सगळा सारखाच. त्याच्या आड नेमकी कुठे माझी पोर? मी कान लावला. फुर्र. डावीकडे. विळा घातला, काटक्या तोडल्या, पुन्हा कान लावला. फुर्र. आणखी डावीकडे, खाली. आणि मग शिट्टी थांबली.

"वाजव!" आता मात्र मी ओरडले. "भिंगरे, वाजव! आई आहे इथे! वाजव गं!"

काही नाही. वरून आग कडकडत येत होती. मी तट्ट्याला तोंड लावून ओरडत होते आणि विळ्याने कुठेही, कसंही तोडत होते. मग अगदी हळू, शिट्टीही म्हणता येणार नाही असा, नुसता हवेचा आवाज आला. माझ्या गुडघ्यापाशी. मी तिथे दोन्ही हात घालून तट्ट्या फाडला. आधी शिट्टीची दोरी हाताला लागली. दोरीला माझी पोर होती.

तिला बाहेर ओढलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले आणि शिट्टी दातांत घट्ट. ती खोकली. देवा, आयुष्यभर ज्या खोकल्याच्या आवाजाची भीती बाळगली, तो ऐकून मी मटकन खाली बसले आणि रडले.

मामंजींना माणसांनी पायाला धरून बाहेर काढलं. ते येत नव्हते. कोठी गेली, माल गेला, झाडूची एक काडी उरली नाही. घर तेवढं वाचलं, चूल आणि विहीर मध्ये होती म्हणून.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गाव जमलं होतं. आमची पोर आत श्वास घेत होती, डॉक्टर म्हणाले होते वाचेल, आणि बाहेर लोकांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "फोटोवाल्याचीच असणार." "चोरून ओढत असेल." हे भिंतीला टेकून उभे होते. गाडी घेऊन आले ते जळक्या अंगणातच आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी कुठे त्यांच्यावर विश्वास ठेवला होता की आता लोकांना सांगू? मी जमिनीत जाईन तर बरं असं झालं.

तेवढ्यात आतून, खाटेवरून, मामंजींचा आवाज आला. हात कोपरापर्यंत बांधलेले, आवाज घोगरा, पण व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माझी होती. विडी माझी होती. पोराला बोलू नका."

ते बोलत राहिले. "दगडावर बसायची लाज वाटायला लागली. गवतात कुणी बघत नव्हतं. काडेपेटी माझ्या कनवटीला होतीच. पोरीची शिट्टी वाजली मागून, आणि मी... मी विडी लपवली. हात आपोआप गेला. भुशात खुपसली." मग आवाज फुटला. "विझवायची सोडून लपवली हो मी!"

हे आत गेले आणि त्यांच्या पायांशी बसले. मी दारातच उभी राहिले. मला मामंजींचा राग यायला हवा होता. आला होताही. पण त्यांची ती बांधलेली बोचकी पाहिली आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना.

बाई दुसऱ्या दिवशी धावत आल्या. आमच्या जळक्या अंगणात उभ्या राहून ढसाढसा रडल्या. शाळेत जाऊन पोरांकडून शिट्ट्या गोळा केल्या, एका पिशवीत. भिंगरीने तिची दिली नाही. मूठ उघडायलाच तयार नाही. बाई म्हणाल्या, "राहू दे." मग मामंजींपुढे बसून त्यांनी चघळायच्या गोळ्या काढल्या, कशा घ्यायच्या, किती घ्यायच्या, सगळं हळूहळू सांगितलं. मामंजींनी लहान पोरासारखी मान डोलावली. शेवटी एवढंच म्हणाले, "आमचा नंबर शेवटी लावलात, बाई."

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते उठले आणि हळूहळू चालत विहिरीकडे निघाले. मी मागे. ते दगडावर बसले. समोर काळं अंगण, राखेत अजून कुठे कुठे धुगधुगी वाटावी असा उबट वास. मी अजूनही नाक वर करून होते. अजूनही असते.

"सूनबाई," ते म्हणाले, "गोळ्या उद्यापासून. आज एक दे. इथे. सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, "मामंजी, नको."

"हात नाहीत मला. तूच पेटव." आणि मग माझ्याकडे न बघता, "चोरून ओढलेली शेवटची असू नये."

यांनी ओट्यावरून पाहिलं. मी विडी वळली. आयुष्यात पहिल्यांदा, वेडीवाकडी. कमरेची काडेपेटी काढली. काडी लागेना. पुन्हा ओढली. लागली. मी ती त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी एक झुरका घेतला आणि खोकल्याने कळवळून वाकले. दुसरा घेतला.

फाटकाशी भिंगरी उभी होती, गळ्यात शिट्टी. तिने ती ओठांपाशी नेली. मामंजींनी पाहिलं, पण या खेपेला ते हलले नाहीत. लपवायची म्हटली तरी हात कुठे होते! ते तसेच बसून राहिले, तोंडासमोर विडी, डोळे नातीकडे.

भिंगरीने शिट्टी सोडून दिली. ती ओट्यावर गेली, पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलली, कमरेवर पेलवेना तशी पोटाशी धरून, सांडत सांडत आली. फुटक्या माठातलं कोळ्याचं जाळं तिने हाताने काढलं, पाणी ओतलं, आणि माठ सरकवत सरकवत आजोबांच्या पायांशी आणून ठेवला.

"यात टाका," ती म्हणाली.

मी विडी माठात टाकली. चुर्र झालं. आम्ही तिघंही ते संपेपर्यंत ऐकत राहिलो, आणि मगच उठलो.